संत्रं म्हणून आणलं ते काय होतं? (सोसायटी ग्रुप, २० ते २६ जानेवारी)

२० जानेवारी

३०३ सेक्रेटरी: २६ तारखेला ध्वजवंदन सकाळी ८ वाजता. नाश्त्याला दरवर्षीप्रमाणे वडापाव आणि जिलेबी सांगतोय. आकडा ६०. कमी-जास्त असेल तर रात्रीपर्यंत कळवा.

३०१ काकू: जिलेबी गरम हवी. गेल्या वर्षी गारढोण होती.

२०४ वहिनी: एक सुचवू? वडापावऐवजी आपण घरीच पोहे करू आणि सोबत संत्रं-मोसंबी-गाजराची स्मूदी. छोटे कागदी कप, १२० मिलीचे. वडापाव खाऊन सगळे दहा वाजता परत झोपतात.

१०३ आजोबा: सुट्टीच्या दिवशी झोपू नये असं घटनेत कुठे लिहिलंय? आणि स्मूदी म्हणजे शिकरणच ना? इंग्रजी नाव दिलं की ग्लासामागे दीडशे रुपये लावता येतात.

२०४ वहिनी: शिकरणात दूध असतं आजोबा, यात दही. आणि दीडशे नाही, फुकट आहे.

१०३ आजोबा: फुकट असेल तर चर्चा करू.

५०१: मला चालेल. पण जिलेबी राहू दे.

३०३ सेक्रेटरी: जिलेबी राहील. वहिनी, आधी घरी करून बघा, मग ठरवू. आणि ज्यांची पांढरी स्कूटर पाण्याच्या टाकीच्या झाकणासमोर आहे त्यांनी काढावी, टँकरवाला थांबलाय.

२२ जानेवारी

२०४ वहिनी: कडू. कडूजहर. काल रात्री करून फ्रिजमध्ये ठेवली होती, सकाळी ह्यांना दिली. एका घोटात तोंड कारल्यासारखं केलं. रात्री मी चाखली तेव्हा थोडी कडसर होती, वाटलं गाजर जून असेल.

३०१ काकू: दही आंबलं असणार.

५०१: आंबेल तर आंबट होईल ना काकू, कडू कसं होईल?

३०१ काकू: (फॉरवर्ड केलेला मेसेज) आंबट फळ आणि दही एकत्र म्हणजे पोटात विष!! सर्वांना पाठवा!!

६०१ डॉक्टर ताई: काकू, विष वगैरे नाही होत. आंबट रस दुधात घातला की दूध फाटतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. दही आधीच आंबटपणाने विरजलेलं असतं, ते आणखी काय फाटणार? आयुर्वेदाचं पथ्य म्हणून ज्यांना फळ आणि दही एकत्र नको असेल त्यांच्यासाठी बिनदह्याची काढू. पण त्या मेसेजमध्ये पुढे लिहिलंय की रोज एक संत्रं खाल्लं की चष्मा जातो. तेही खरं नाही.

३०१ काकू: मी नुसतं पुढे पाठवलं.

४०२ काका: वहिनी, मोसंबी सालीखालच्या पांढऱ्या गरासकट टाकली का? आणि बिया?

२०४ वहिनी: मोसंबी चिरून टाकली. बिया कोण काढत बसणार काका, मिक्सर आहे ना.

४०२ काका: अरे बाप्पा. संत्र्याचा फोटो टाका पाहू. उरला असेल तर.

२०४ वहिनी: (फोटो) हे बघा. छान लालसर केशरी, चकचकीत. दुकानदार म्हणाला नागपुरी.

४०२ काका: हा नागपुरी संत्रा नाही. हा किनू आहे.

२०४ वहिनी: म्हणजे??

४०२ काका: साल घट्ट बसलेली, गुळगुळीत, वर चकाकी, वरून-खालून चपटा. आमचा संत्रा असा नसतो. त्याची साल ढिली असते, देठाशी थोडी उंचावलेली, अंगठा घातला की सुटून येते. सोलताना अर्धं काम त्यानंच करून ठेवलेलं असतं. किनू पंजाब-राजस्थानकडून येतो. डिसेंबर-जानेवारीत पुण्यातल्या गाड्यांवर अर्धा माल तोच असतो आणि सगळा "नागपुरी" म्हणून विकून राहिले. मूळचा तो भारतातलाही नाही. कॅलिफोर्नियात दोन जातींचा संकर करून काढला आणि १९३५ मध्ये बाहेर आणला. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा गाडीवाल्याला काय उपयोग?

१०३ आजोबा: संत्रं. नपुंसकलिंगी.

४०२ काका: तुमच्या पुण्यात. आमच्याकडे संत्रा. पिकवतो आम्ही, लिंगही आम्ही ठरवणार.

५०१: 😂😂

२०४ वहिनी: ठीक आहे, किनू तर किनू. फळ वाईट नव्हतं हो, नुसतं खाल्लं तेव्हा गोड होतं. मग कडू का झालं?

४०२ काका: तेच सांगतोय. किनूत बिया फार. एका फळात पंधरा-वीस सहज निघतात, संत्र्यात त्याहून बऱ्याच कमी. रसवाला यंत्रात दाबतो तेव्हा बी फुटत नाही. मिक्सरच्या पात्याखाली बीचा भुगा होतो. बीमध्ये लिमोनिन असतं, ते कडू. आणि दुसरी गंमत अशी की फोडीच्या पापुद्र्यात आणि पांढऱ्या गरात त्याचाच कच्चा माल असतो, तो स्वतः कडू नसतो. फळ चिरडलं, आंबट रसात मिसळलं, की तासाभरात हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. म्हणून रात्री कडसर आणि सकाळी जहर. तुम्ही गाजराला उगाच बोल लावला.

६०१ डॉक्टर ताई: काका, तुम्ही शेतकी कॉलेजात होतात का?

४०२ काका: नागपूरजवळ काटोलला मामाची बाग होती. रस काढून ठेवायचा नाही, पिऊन टाकायचा, हे लहानपणी मार खाऊन शिकलो.

१०१ आजी: मोसंबीचा रस आजाऱ्याला देताना माझी सासू म्हणायची, पेला हातात दे आणि समोर उभी राहा. तो संपेपर्यंत हलायचं नाही. मला वाटायचं आजारी माणूस सांडेल म्हणून.

२३ जानेवारी

५०१: काल रात्री प्रयोग केला. उरलेले किनू वहिनींकडून आणले. तीन ग्लास. पहिला: बिया काढून मिक्सर, लगेच प्यायलो, गोड. दुसरा: तोच रस चार तास ओट्यावर ठेवला, शेवटी जिभेच्या मागे कडवट. तिसरा: बियांसकट. लगेच कडू. चार तासांनी आईने वास घेतला आणि बेसिनमध्ये ओतला.

३०३ सेक्रेटरी: रात्री साडेअकराला मिक्सरचा आवाज तुमचाच होता का?

५०१: विज्ञानासाठी होता काका.

२०४ वहिनी: म्हणजे दोन गोष्टी. बिया काढायच्या आणि प्यायच्या वेळीच करायची.

४०२ काका: आणि मोसंबीचा पांढरा गर सुरीने पूर्ण काढायचा. संत्र्याचे दोरे राहिले तर चालतात, तेवढ्याने काही होत नाही.

२०४ वहिनी: आज पुन्हा केली. दोन ग्लासांचं माप लिहून ठेवा: दोन सोललेली संत्री (म्हणजे किनूच, असतील ते), अर्धी मोसंबी, एक लहान गाजर किसून, अर्धं केळं, अर्धी वाटी घट्ट दही, बोटाच्या पेराएवढं आलं, नखाएवढी ओली हळद, चिमूटभर काळं मीठ. आधी गाजर, आलं, हळद आणि मोसंबी फिरवायची, ती बारीक झाल्यावर बाकीचं. केळं शेवटी. सुरुवातीलाच घातलं तर फेस फार येतो आणि अर्धा ग्लास हवाच भरते. पाणी नाही, बर्फ नाही, साखर नाही. रंग असा आलाय की झेंडूच्या तोरणाशेजारी ठेवावा.

३०१ काकू: गाजर लाल की केशरी?

२०४ वहिनी: केशरी. हलव्याची लाल गाजरं घातली तर दह्याशी मिसळून गुलाबी होतं, लहान मुलांच्या तापाच्या औषधासारखं.

३०१ काकू: पालक घालतात म्हणे.

२०४ वहिनी: घालतात. पण केशरी अधिक हिरवं बरोबर कुंडीतली माती. चवीला कोण हात लावणार?

१०३ आजोबा: मधुमेह्यांनी काय करायचं? जिलेबीही नाही, स्मूदीही नाही, नुसतं राष्ट्रगीत?

६०१ डॉक्टर ताई: आजोबा, तुमच्यासाठी एक संत्रं बाजूला. सोलायचं, फोड फोड चावून खायचं. एका छोट्या कपात फळांचीच म्हणून साधारण दोन चमचे साखर जाते आणि पातळ केलेलं घटाघट जातं, म्हणून रक्तातली साखरही भरभर चढते. चावून खाल्लेल्या फळाचं तेवढं होत नाही. फळांच्या रसातली साखर जागतिक आरोग्य संघटनासुद्धा वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत धरते. स्मूदीत चोथा राहतो हे खरं, म्हणून गाळून मात्र कोणी घेऊ नका. गाळणं म्हणजे चांगलं ते फेकून गोड ते ठेवणं.

१०३ आजोबा: आणि पोहे?

६०१ डॉक्टर ताई: एक वाटी. वर लिंबू पिळून. लिंबा-संत्र्यातल्या क जीवनसत्त्वामुळे पोह्यातलं आणि कोथिंबिरीतलं लोह अंगाला जास्त लागतं. आणि त्यावर लगेच चहा नका घेऊ, चहा त्याच्या बरोबर उलट करतो.

१०३ आजोबा: आता चहाही गेला.

६०१ डॉक्टर ताई: तासाभराने घ्या की. अजून एक, सगळ्यांसाठी. त्या नव्या दुकानात गुलाबी गराचं ग्रेपफ्रूट मिळतंय, कोणी हौसेने यात घालू नका. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या, म्हणजे एटोरव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असताना ते फळ घेतलं तर औषध शरीरात नेहमीपेक्षा जास्त साठतं. पपनसही त्याच घराण्यातलं. आपल्या इमारतीत या गोळ्या घेणारे किती आहेत ते मला माहीत आहे, नावं लिहीत नाही.

३०१ काकू: नाव न घेताही कळलं.

२४ जानेवारी

३०३ सेक्रेटरी: ठरलं तर. ६० कप. किती काय लागेल?

२०४ वहिनी: एका खेपेत अर्धा लिटर होतं. साठ कपांना सव्वासात लिटर, म्हणजे पंधरा खेपा. संत्री तीस, खराब निघणारी धरून ५ किलो आणू. मोसंबी आठ, केळी आठ, लहान गाजरं पंधरा, दही दोन किलो. मोठ्या भांड्यात दोन-दोन खेपा एकदम निघतील. तीन घरांचे मिक्सर लावले तर पंधरा-वीस मिनिटांचं काम. ध्वजवंदन झालं की सुरू करायचं, आधी नाही. बिया काढायला मुलं. आदल्या रात्री फोडी सोलून, बिया काढून स्टीलच्या डब्यात फ्रिजमध्ये. चिरडायचं मात्र सकाळीच.

३०३ सेक्रेटरी: एकत्र करायला गणपतीचं मोठं पातेलं काढतो गोदामातून.

१०१ आजी: कुठलं, ते पितळी? त्याची कल्हई दोन वर्षांपूर्वीच गेलीय. त्यात दही आणि संत्रं घातलंत तर कळकेल. सगळ्यांना उलट्या होतील आणि दोष बिचाऱ्या स्मूदीला. स्टीलचं घ्या.

३०३ सेक्रेटरी: बरं. कल्हईवाला कुणाला माहीत आहे का?

१०१ आजी: पूर्वी दारावर यायचा. आता नाही दिसत.

४०२ काका: फळं मी आणतो. उद्या पहाटे मार्केट यार्डात जातो, कोणीतरी स्कूटर घेऊन चला. आंबिया बहाराचा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याचा, माल आता संपत आलाय आणि मृग बहाराचा नुकताच सुरू होतो. जून-जुलैच्या पावसात फुलतो तो, खरा जोर फेब्रुवारी-मार्चमध्ये. मिळाला तर सालीवर हिरवट झाक असेल. घाबरू नका, साल हिरवी म्हणजे आतून कच्चा असं नसतं. हातात घेऊन वजन बघायचं. आकाराच्या मानाने जड लागला तर रस आहे. हलका आणि फुगलेला असेल तर आत नुसती हवा.

५०१: मी येतो. किती वाजता?

४०२ काका: पाच.

५०१: सकाळचे??

२५ जानेवारी

४०२ काका: मिळाला. साडेपाच किलो. चार गाळे फिरलो. तिसऱ्याने किनूच्या ढिगाकडे बोट दाखवून "नागपुरी घ्या" म्हटलं. मी म्हटलं, मी नागपूरचा आहे. त्यानं मागचा क्रेट काढला.

५०१: त्याआधी काकांनी त्याला १९३५ पासून सगळं सांगितलं. मी तेवढ्यात दोन चहा प्यायलो.

२०४ वहिनी: चाखलं. आंबट आहे हो थोडं. खजूर घालू?

६०१ डॉक्टर ताई: खजूर नको, केळी दोन-तीन वाढवा.

३०३ सेक्रेटरी: बिया काढायला संध्याकाळी ६ वाजता क्लबहाउसमध्ये मुलांनी जमावे. हात धुऊन.

३०१ काकू: सालं फेकू नका म्हणावं.

१०१ आजी: सालं मला द्या. सावलीत वाळवते, उटण्यात घालायला.

२६ जानेवारी

३०३ सेक्रेटरी: सर्वांचे आभार. ६० कप संपले. वॉचमन आणि टँकरवाल्यालाही मिळाली. जिलेबी गरम होती, नोंद घ्यावी.

१०३ आजोबा: मी एक संत्रं खाल्लं. फोड फोड. अकरा फोडी, बिया सात. तोपर्यंत बाकीच्यांची भाषणं संपली होती, हा एक फायदा.

३०१ काकू: चव चांगली होती. हळद कळलीसुद्धा नाही. माझ्या पांढऱ्या साडीवर मात्र कळली.

६०१ डॉक्टर ताई: मुलांनो, इतकं आंबट प्यायल्यावर लगेच दात घासायला जाऊ नका, अर्धा तास जाऊ द्या. नुसती चूळ भरा.

४०२ काका: पाहिलं ना? फळ खरं असलं की साखर लागत नाही. ही चव किनूला येत नाही.

१०१ आजी: सालांची पिशवी माझ्या दाराशी कोणी ठेवली? तीत दोन प्रकारची सालं आहेत. पाच-सहा फळांची घट्ट आणि गुळगुळीत आहेत. वासही वेगळा येतोय.

२०४ वहिनी: आजी 🙈 शेवटच्या खेपेला संत्री कमी पडली. घरात किनू उरले होते. हाताच्या यंत्रावर रस काढला, बिया फोडल्या नाहीत, शपथ.

४०२ काका: शेवटची खेप कोणाला दिली?

२०४ वहिनी: पहिल्यांदा सगळ्यांना वाटून झाल्यावर जे मागून आले त्यांना.

४०२ काका: मी मागून आलो होतो.

२०४ वहिनी: हो काका. दोन कप घेतलेत तुम्ही.