मनगटातून परत परत रक्त काढतायत, गरज आहे का? (लवकर सांगा)

घायकुत्या: बाबा काल ॲडमिट झाले. मनगटातून रक्त काढलं, आज पुन्हा, आता म्हणतात संध्याकाळी परत. सुई आत फिरवतात तेव्हा बाबा कळवळतात. बोटाला मशीन लावलंय ना, मग? शिवाय त्यावर ९० असूनही ऑक्सिजन वाढवत नाहीत. काय करू?

उंबरठा: आजार कोणता ते तर सांगा. दमा, न्यूमोनिया, सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होणारा फुप्फुसाचा आजार)? मास्क कसला लावलाय? एबीजीचे, म्हणजे मनगटातल्या धमनीतून रक्त काढून त्यातले वायू मोजतात त्या तपासणीचे, आकडे टाका.

तिखटमीठ: अनुलोम-विलोम सुरू करा. माझ्या सासूबाईंचा दम त्यानेच बसला.

उंबरठा: ज्यांना धड बोलवत नसेल त्यांना अनुलोम-विलोम? कमाल आहे.

घायकुत्या: सीओपीडीच हो, जुना आहे. काल पीएच ७.३२, कार्बन डायऑक्साइड ६२, बायकार्ब ३१. रात्रीपासून बायपॅप, म्हणजे दाबाने हवा देणारा मास्क. आज पीएच ७.३५ आणि कार्बन डायऑक्साइड ५६.

पांढराकोट: हे आधी लिहायचं ना! बोटावरचं मशीन फक्त ऑक्सिजन दाखवतं, कार्बन डायऑक्साइड नाही. ९० दिसत असतानाही तो साठत जाऊ शकतो. त्याने रक्त आम्लधर्मी होतं आणि शरीर बायकार्ब हा क्षार वाढवून ते सावरतं. बायकार्ब ३१ म्हणजे तो बऱ्याच काळापासून साठतोय, पण पीएच ७.३५ च्या खाली गेला म्हणजे रक्त जास्त आम्लधर्मी झालंय, आता शरीराला झेपत नाहीये. म्हणून बायपॅप. तो लावल्यावर किंवा ऑक्सिजन बदलल्यावर तासाभरात एबीजी परत बघतात. आणि असा कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्यांना ८८ ते ९२ च ठेवायचं असतं, ९० उत्तम आहे.

उंबरठा: बरोबर. जास्त ऑक्सिजन दिला की मेंदूची श्वासाची ओढ कमी होते.

पांढराकोट: तेवढंच कारण नाही. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा नीट पोचत नाही तिथेही रक्त वळतं, ते कारण मोठं.

सुईदोरा: लॅबमध्ये आहे म्हणून सांगते, साध्या शिरेतल्या रक्तावरही ही वायूंची तपासणी करता येते, विचारून बघा. पीएच जवळपास तसाच येतो.

पांढराकोट: पीएच येतो, कार्बन डायऑक्साइडचा नेम नसतो. शिरेत ४५ च्या आत आला तर धमनीत वाढलेला नाही एवढं म्हणता येतं. यांचा ५६ आहे. चढउतार बघायला चालेल फार तर.

सुईदोरा: मी तेच म्हणतेय. दर वेळी धमनीच कशाला टोचायची? आणि टोचायचीच तर आधी तेवढ्या जागेपुरतं भुलीचं इंजेक्शन द्या. बरेच जण देतच नाहीत. वारंवार लागणार असेल तर आर्टेरियल लाइन (धमनीत ठेवायची बारीक नळी) टाकतात, त्यातून काढलं की दर वेळी सुई नको.

फिरता_पंखा: घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन) घेताना ५ लिटरचा की १० चा?

उंबरठा: त्यासाठी वेगळा धागा काढा. घायकुत्या, बाबा गुंगीत आहेत का? हाक मारल्यावर नीट बोलतात का? झोपाळलेले वाटले तर संध्याकाळची वाट बघू नका, लगेच सिस्टरना सांगा.

घायकुत्या: नीट बोलतात, मास्क काढा म्हणून भांडतायत. भुलीचं विचारलं, डॉक्टर हो म्हणाले. शिरेतून नाही म्हणाले.

फिरता_पंखा: वेगळा धागा काढला, कुणी फिरकलंच नाही. ५ की १०?