मदत हवी आहे: बेंच व्हाइसला चीर गेली आहे. साधं बीड की एसजी आयर्न, कसं ओळखू?

नमस्कार मंडळी,

जुन्या बेंच व्हाइसच्या (कामाच्या टेबलाला बसवायच्या शिकंजाच्या) स्थिर जबड्याला बुडाशी, आतल्या अंगाला, केसाएवढी चीर दिसतेय. व्हाइस दणकट आहे, टाकून द्यायचा नाहीये. पण जोडकाम करण्याआधी धातू नक्की कोणता ते कळायला हवं: साधं बीड (ओतीव लोखंड) की एसजी, म्हणजे स्फेरॉइडल ग्रॅफाइट आयर्न, बिडाचाच कमी ठिसूळ प्रकार.

एका कोपऱ्यावर ग्राइंडर टेकवून पाहिला. ठिणग्या आखूड, तांबूस, चाकाजवळच विझणाऱ्या. शेजारी माइल्ड स्टीलची पट्टी घासली तर लांब, पिवळ्याधमक निघाल्या. ड्रिल मारल्यावर पोलादासारखी गुंडाळी सुटलीच नाही, काळपट भुकटी पडली. ती चोळली तर बोटं शिसपेन्सिल घासल्यासारखी काळी झाली. म्हणजे पोलाद नाही हे पक्कं. घोळ पुढे आहे: चीर नसलेल्या सरकत्या जबड्यावर हातोडीने ठोकलं तर आवाज बऱ्यापैकी खणखणीत येतो. साध्या बिडाचा आवाज बद्द असतो ना? मग हे एसजी आहे का? आणि साध्या वेल्डिंग रॉडने भरलं तर चालेल का?

प्रतिसाद १:

आवाजावर जाऊ नका, तो आकार आणि वजनानुसारही बदलतो. भुकटी आणि काळी बोटं साध्या बिडाकडेच बोट दाखवतात. दोन्हींत कार्बन साधारण ३ ते ४ टक्के, फरक ग्रॅफाइटच्या (बिडातल्या मोकळ्या कार्बनच्या, शिसपेन्सिलीत असतो तोच) आकाराचा. साध्या बिडात त्याच्या पाकळ्या असतात आणि चीर एका पाकळीवरून दुसरीवर धावत जाते. एसजीमध्ये मॅग्नेशियम घातल्यामुळे ग्रॅफाइटचे गोळे होतात, तिथे चीर अडते. खात्री हवी असेल तर छोटासा भाग आरशासारखा पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली १०० पट मोठा करून बघा, पाकळ्या की गोळे ते लगेच दिसेल. एसजी १९४० च्या दशकात आलं, व्हाइस त्याआधीचा असेल तर तेवढीही गरज नाही.

साधा रॉड मात्र अजिबात वापरू नका. वेल्डच्या कडेचं बीड झटकन थंड होऊन पांढरं, काचेसारखं ठिसूळ होतं आणि नवी चीर जोडाला लागूनच पडते. एसजीतही हेच होतं, त्यामुळे पद्धत दोन्हींना एकच.

मूळ प्रश्नकर्ता:

मग निकेलचा वेल्डिंग रॉड की पितळी ब्रेझिंग?

प्रतिसाद १:

मी ब्रेझिंग करेन. त्यात फक्त पितळ वितळवून खाचेत भरतात, बीड वितळतच नाही. आधी चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडा, म्हणजे ती पुढे सरकणार नाही. मग व्ही आकाराची खाच काढा, अख्खा जबडा सावकाश तापवा आणि काम झाल्यावर कोरड्या राखेत गाडून रात्रभर निवू द्या. एक लक्षात घ्या: व्हाइस आवळला की जबड्याच्या बुडाशी आतल्या अंगाला खेच बसते, आणि बीड दाबाला जितकं पक्कं तितकं खेचीला नसतं. तुमची चीर नेमकी तिथेच आहे. दुरुस्तीनंतर हँडलला पाइप लावून आवळू नका.