शिकागोचा पहिला अल्बम: दोन तबकड्या हव्याच होत्या का?

रेकॉर्डवेडा:
पुढे नुसतं 'शिकागो' झालेल्या 'शिकागो ट्रान्झिट ऑथॉरिटी' या अमेरिकी जॅझ-रॉक बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम एप्रिल १९६९ मध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने काढला. पहिलाच अल्बम आणि तोही दोन एलपींचा! कंपनी आधी तयार नव्हती. सातही जणांनी रॉयल्टीत कपात मान्य केली, तेव्हा कुठे दुसरी तबकडी मिळाली. पदरमोड करून मिळवलेल्या त्या चार बाजूंतली दोन-तीन गाणी निवडून लोक बाकीचं सोडून देतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काल रात्री सव्वा तास बसून सगळा ऐकला. पहिली बाजू 'इंट्रोडक्शन'ने उघडते. गिटारवादक टेरी कॅथ गातो, लय दोन-तीनदा कूस बदलते, मग ट्रॉम्बोन, ट्रंपेट आणि गिटार एकामागून एक पुढे येतात. साडेसहा मिनिटांत अख्ख्या बँडची ओळख होते. त्यानंतर 'डझ एनीबडी रिअली नो व्हॉट टाइम इट इज?' सुरू होतं, तेही रॉबर्ट लॅमच्या मोकळ्या पियानोने. सिंगल (एकाच गाण्याची सुटी छोटी तबकडी) काढताना हाच पियानो कापला गेला. तो ऐकला नाही तर गाणं अर्धंच ऐकलं, असं मी म्हणेन. यातलं एकही मिनिट काढू नये आणि अल्बम तबकडीवरच, बाजू पलटत ऐकावा, हे माझं ठाम मत.

खर्ज:
साफ असहमत. पियानोचं मान्य, पण तिसऱ्या बाजूचं काय? 'फ्री फॉर्म गिटार' म्हणजे जवळपास सात मिनिटं एकटा कॅथ आणि त्याचा अँप्लिफायर. सूर नाही, ठेका नाही, दुसरं वाद्य नाही. जॅझचा आत्मा एकमेकांचं ऐकून उत्तर देण्यात असतो. इथे ऐकायला दुसरं कोणी नाहीच. 'बिगिनिंग्ज', 'क्वेश्चन्स ६७ अँड ६८', 'समडे', 'आय'म अ मॅन' आणि तुमचं ते पियानोचं गाणं घ्या, एकाच एलपीत झकास अल्बम होतो. रॉयल्टीही वाचली असती.

आणि याला जॅझ म्हणताना जरा जपून. ब्रासचे (फुंकवाद्यांच्या ताफ्याचे) बहुतेक तुकडे लिहून बसवलेले आहेत, उत्स्फूर्त फारसं काही नाही.

रेकॉर्डवेडा:
लिहून बसवलेलं म्हणजे जॅझ नाही, हे कसं? मग ड्यूक एलिंग्टनसारख्या लिहून संगीत देणाऱ्या जॅझ संगीतकाराचं काय करायचं? जेम्स पँकाउ (ट्रॉम्बोन), ली लॉखनेन (ट्रंपेट) आणि वॉल्टर पॅराझेडर (सॅक्सोफोन) या तिघांची ब्रास इथे गाण्याला नुसती झालर लावत नाही. गायकाची ओळ संपते तिथून ती पुढचं बोलते. 'क्वेश्चन्स ६७ अँड ६८' पुन्हा ऐका. ब्रास काढली तर गायक पीटर सेटेराच्या आवाजाशी बोलायला कोणी उरत नाही.

सुई जपून:
तुम्ही दोघं गाण्यांवर भांडताय, मला तबकडीबद्दलच शंका आहे. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्या एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, आतल्या लेबलपाशी जेमतेम २० ते २२. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा मिळते, म्हणून शेवटी शेवटी झांजा आणि चढी गिटार चरचरते. आता चौथी बाजू पाहा: साडेचौदा मिनिटांचं 'लिबरेशन' नेमकं शेवटी! कॅथची गिटार जिथे सर्वांत जास्त तापते, तिथेच तबकडी सर्वांत दुबळी. हा अल्बम एका सीडीवर पूर्ण मावतो आणि 'लिबरेशन' तिथे पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वच्छ ऐकू येतं. मी सीडीच लावतो.

मिशिगन अव्हेन्यू:
मी शिकागोत राहते आणि शहराची बस-रेल्वे चालवणाऱ्या ज्या संस्थेवरून बँडने नाव घेतलं, तिच्याच गाडीने रोज कामावर जाते. संस्थेने कोर्टाची धमकी दिल्यावर नाव नुसतं 'शिकागो' झालं.

खर्ज, तुमच्या यादीत 'समडे' आहे, पण त्याच्या आधीचा मिनिटभराचा 'प्रोलॉग' नाही. ऑगस्ट १९६८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन इथे भरलं होतं, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात तरुण रस्त्यावर आले आणि पोलिसांनी त्यांना झोडपून काढलं. 'प्रोलॉग'मध्ये त्या आंदोलनाचंच ध्वनिमुद्रण आहे. 'सगळं जग पाहतंय' ही घोषणा हळूहळू तालात येते आणि तिच्यातूनच 'समडे' उगवतं. सुटं 'समडे' चांगलं गाणं आहे, पण घोषणेनंतर आलेलं 'समडे' ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो. मी तो रस्ता रोज ओलांडते. 'फ्री फॉर्म गिटार'बद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे.

खर्ज:
'प्रोलॉग'चं पटलं. तो यादीत हवाच, चूक मान्य. पण मग माझा मुद्दा बळकटच होतो: सांगायला एवढं मोठं काही असताना सात मिनिटं नुसत्या गिटारच्या किंकाळीला का द्यायची? आपल्याकडे एलपीच्या एका बाजूत, वीस-बावीस मिनिटांत ख्याल बसवताना गवयाला विलंबित आवरतं घ्यावं लागे. त्या बंधनातूनही उत्तम गाणं निघालं. आवरणं हीसुद्धा कलाच आहे.

रेकॉर्डवेडा:
आवरलेलंच आहे हो. ती 'किंकाळी' आवाज बदलणारं पेडल न लावता, नुसती गिटार अँप्लिफायरला जोडून काढलेली आहे. १९६९ मध्ये हे करायला छाती लागते. आणि ती बाजूच्या सुरुवातीला आहे, म्हणजे 'सुई जपून' यांच्या हिशेबाने तबकडीच्या सर्वांत दमदार जागी. ज्यांना नको त्यांनी सुई पुढच्या 'साउथ कॅलिफोर्निया पर्पल्स'वर ठेवावी, दोन गाण्यांमधली मोकळी पट्टी डोळ्यांना दिसते. पण तबकडीवरून ती काढून टाका म्हणू नका.

सुई जपून:
जागा दमदार आहे, खरं. 'लिबरेशन'ला ती मिळायला हवी होती.