अनुभव हवेत: आमदारकीचा फॉर्म भरताना काय काय झालं?

गोदाकाठ
मंडळी, आमच्या गल्लीतला एक पोरगा पुढच्या विधानसभेला अपक्ष उभा राहायचं म्हणतोय. वय २५ च्या पुढे, यादीत नाव आहे, डोकं गरम आहे, बस एवढंच भांडवल. कट्ट्यावर जो तो वेगळंच सांगतो. कुणी स्वतः फॉर्म भरलाय, सूचक (उमेदवाराचं नाव सुचवून फॉर्मवर सही करणारा मतदार) झालंय किंवा टेबलापलीकडे बसून फॉर्म घेतलेत त्यांनी लिहा. कुणाला मत द्यावं हे इथे नको, पक्षांची भांडणं तर अजिबात नकोत.

सिडकोवाला
२०२४ ला मित्रासाठी पळापळ केली होती. डिपॉझिट १० हजार, एससी-एसटी असेल तर ५ हजार, ते जमतं हो. दमछाक होते ती सूचकांसाठी. मान्यताप्राप्त पक्षवाल्याला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाच्या दहा त्याच मतदारसंघातले मतदार. आता आपल्या नाशिकात पूर्व, मध्य, पश्चिम आणि वर देवळाली असे मतदारसंघ, माणूस राहतो एकीकडे आणि नाव असतं दुसरीकडेच. आम्ही पश्चिमचे, पण निम्म्या दोस्तांची नावं अजून पंचवटीतल्या जुन्या घराच्या पत्त्यावर म्हणजे पूर्वमध्ये, सगळे बाद. उमेदवाराचं स्वतःचं नाव मात्र राज्यात कुठेही असलं तरी चालतं, फक्त त्या यादीची प्रमाणित प्रत द्यावी लागते. (देवळाली एससीसाठी राखीव आहे, तिथे उभं राहायचं तर आधी ते बघा.) आणि सही म्हटलं की घरचे घाबरतात. एका मित्राच्या वडिलांनी तोंडावर सांगितलं, मत देतो बाबा, सही नाही देत.

मास्तर ड्युटीवर
आमची ड्युटी फॉर्म घ्यायच्या टेबलाला होती. वेळ ११ ते ३. शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर २०२४, नेमकी धनत्रयोदशी, आणि लोकांना मुहूर्तही पाहिजे आणि गर्दीही नको. आत उमेदवार धरून पाचच जण, तरी प्रत्येकाचा 'फक्त भाऊंना सोडा' चालूच. तीनच्या आत जो आवारात आला त्याचा फॉर्म घेतो, मग किती का उशीर होईना, पण ३ वाजून १ मिनिटाने आलेल्याला आम्ही काहीच करू शकत नाही. पक्षवाल्यांची वेगळी तऱ्हा, त्यांचा एबी फॉर्म, म्हणजे हाच आमचा अधिकृत उमेदवार असं पक्षाचं पत्र, तोही शेवटच्या दिवशी तीनच्या आतच यावा लागतो. त्या दिवशी देवळाली-दिंडोरीसाठी तो हेलिकॉप्टरने आला हे तुम्ही सगळ्यांनी बातम्यांत बघितलंच असेल. अपक्षाला ती कटकट नाही, तेवढंच सुख. एका उमेदवाराला चार फॉर्म भरता येतात, डिपॉझिट एकदाच. एकात काही राहिलं तर दुसरा कामाला येतो म्हणून शहाणे लोक एकावर थांबत नाहीत.

काळा कोट
सीबीएस स्टँडजवळ कोर्टात असते, इलेक्शन आलं की आमच्याकडे फॉर्म २६ ची, म्हणजे ॲफिडेव्हिटची रांग लागते. एकही रकाना कोरा सोडायचा नाही. 'निरंक' लिहा, 'लागू नाही' लिहा, पण लिहा. सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा निकाल आहे, अधिकाऱ्याने आठवण करून दिल्यावरही कोरं ठेवलं तर फॉर्म नामंजूर होऊ शकतो. बायकोचं किंवा नवऱ्याचं पॅन, पाच वर्षांचं रिटर्नमधलं उत्पन्न, सोनं, कर्ज, सगळं येतं त्यात. माझ्यासमोर एका बाईंना कळलं की नवऱ्याने गावाकडे प्लॉट घेतलाय, पुढचा अर्धा तास आम्ही सगळे चहा पीत बाहेर उभे. केसेस असतील तर त्या पेपरात आणि टीव्हीवर तीनदा छापा-दाखवा, तो खर्च वेगळाच. आणि निवडणूक खर्चाचं वेगळं बँक खातं फॉर्म भरायच्या निदान आदल्या दिवशी तरी उघडलेलं पाहिजे. दिवाळीच्या सुट्ट्यांमध्ये ते कसं उघडतात हे ज्याचं त्याने अनुभवावं.

भद्रकालीकर
पण दोनपेक्षा जास्त मुलं असतील तर उभं राहता येत नाही ना?

काळा कोट
ती अट महापालिका, झेडपी, ग्रामपंचायतीला. २००१ च्या सप्टेंबरनंतर झालेल्या मुलांवरून मोजतात. विधानसभेला नाही. म्हणजे नगरसेवक होता येत नाही पण आमदार होता येतं, करा विचार.

ताईचा भाऊ
ताई न्यूयॉर्कला असते. तिथे राज्याच्या असेंब्लीला अपक्षाला १,५०० सह्या लागतात, गव्हर्नरसाठी ४५,०००. आणि विरोधक एकेक सही तपासून उडवायला बसलेलेच. आपल्या दहा सह्यांवर एवढं रडू नका.

सिडकोवाला
तिथे दारोदार फिरून सह्या गोळा करायची पद्धत असेल. इथे फिरायला लागलं की लोक विचारतात, कोणाच्या सांगण्यावरून उभा राहतोय?

माजी अपक्ष
मी उभा होतो, डिपॉझिट गेलं. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त नाही मिळाली की जप्त, म्हणजे १ लाख ८० हजार वैध मतं पडली तर ३० हजारांच्या वर पाहिजेत, अपक्षाने ते पैसे गेलेलेच धरावेत. मला त्रास झाला तो छाननी ते माघार या मधल्या दिवसांत. फोन सुरू होतात. आधी गोड, मग सासुरवाडीकडून, मग ज्यांच्या जागेत माझं दुकान भाड्याने आहे त्यांच्याकडून. त्या पोराला दोन गोष्टी सांगा. एक, माघारीच्या कुठल्याही कागदावर 'असू द्या तयारीसाठी' म्हणून सही करू नको, तुझ्या लेखी अधिकारपत्रावर सूचकसुद्धा माघार देऊ शकतो आणि एकदा दिली की परत घेता येत नाही. दोन, निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यायचा, नाहीतर तीन वर्षं अपात्र. हरलेला माणूस हे हमखास विसरतो.

चिन्ह माघारीनंतर मिळतं, तोवर पत्रक छापायची घाई नको. आणि चिन्हाला हलकं समजू नका. २०२४ ला दिंडोरी लोकसभेला 'तुतारी'वाल्या अपक्षाला लाखावर मतं पडली होती, 'तुतारी वाजवणारा माणूस' हे मिळतंजुळतं चिन्ह दुसऱ्याच उमेदवाराचं होतं.

गोदाकाठ
सगळ्यांचे आभार. एक राहिलं, दहाही सूचकांना ऑफिसात घेऊन जावं लागतं का? त्यातले दोघं अंबडला शिफ्टला असतात.

मास्तर ड्युटीवर
नाही. सह्या आधी घरी केल्या तरी चालतात, फॉर्म उमेदवार किंवा एखादा सूचक आणून देतो. फक्त कुणी अंगठा देणारं असेल तर तो आमच्यासमोरच उठवायचा, त्या आजीला रिक्षाने घेऊन या. आणि यादीतला भाग क्रमांक, अनुक्रमांक मोबाईलवरून घाईत उतरवू नका, समोर यादी ठेवून लिहा.

गोदाकाठ
आजीच आहे एक. कसं ओळखलंत?

मास्तर ड्युटीवर
दहात एक असतेच.