गोंगाटातलं ऐकणं

कुणीतरी विचारलंय की तपासणीत कान ठणठणीत, तरी लग्नघरात समोरच्याचं बोलणं का कळत नाही. माझ्या वडिलांचं अगदी हेच आहे. सोलापुरात तीस वर्षं यंत्रमागावर काढली त्यांनी. खडखडाटात माझ्याशी बोलता बोलता मान वळवायचे आणि आवाजावरून थेट तिसऱ्या मागाकडे जायचे. धागा तुटलेला असायचा. आता गड्ड्याच्या जत्रेत शेजारी उभ्या नातवाचं बोलणं त्यांना कळत नाही.

तपासणी होते शांत खोलीत, एकेका स्वरावर. गर्दीत मेंदूला एकत्र आलेले आवाज वेगळे करावे लागतात. एकच आवाज दोन कानांत पोचतो तेव्हा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो. मेंदूच्या देठातल्या पेशी तो फरक मोजतात आणि दिशा ठरते; दिशा कळली की आवाज वेगळे करणं सोपं जातं. त्यासाठी कानातून येणारा संकेत काटेकोर वेळेवर यावा लागतो. 2009 मध्ये कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी केसपेशी (कानातल्या आवाज टिपणाऱ्या पेशी) आणि मज्जातंतू यांच्यातले बरेच सांधे कायमचे गेलेले असतात. माणसांत हे किती घडतं, यावर अजून वाद आहे. पण तुमच्या डॉक्टरांना गोंगाटात शब्द ओळखण्याची चाचणी घ्यायला नक्की सांगा.