संथ रहदारीत इंजिन फार तापते, काय तपासावे?

प्रश्न:
माझी दुचाकी १५० सीसीची असून तिचे इंजिन हवेवर थंड होणारे आहे. मोकळ्या रस्त्यावर ती भर उन्हातही विनातक्रार चालते; परंतु संथ रहदारीत अर्धा तास गेला की गिअर अडखळत पडतात, न्यूट्रल सापडत नाही आणि गाडी नेहमीसारखी ओढत नाही. थांबल्यावर इंजिनावर गार पाणी ओतावे, असे एकाने सुचवले. ते योग्य आहे का?

उत्तर १:
पाणी कृपया ओतू नका. तापलेल्या धातूवर गार पाणी पडले की तेवढाच भाग झपाट्याने आकसतो आणि तडा जाण्याचा धोका असतो. गाडी बंद करून सावलीत उभी केली तरी पुरे.

अशा इंजिनाला पंखा नसतो. गाडी धावताना फिन्समधून, म्हणजे इंजिनावरच्या धातूच्या पातळ पट्ट्यांमधून, जी हवा वाहते तीच उष्णता वाहून नेते. त्यामुळे थांबा लांबणार असे दिसताच इंजिन बंद करावे. जिथे हवा पोहोचत नाही, त्या पिस्टन आणि बेअरिंगची उष्णता ऑइल बाहेर आणते, आणि बहुतेक गाड्यांत क्लच व गिअरही त्याच ऑइलात चालतात. म्हणून ते कमी झाले किंवा जुने होऊन पातळ पडले, तर आपण सांगता तशीच लक्षणे दिसतात. ग्रेड, म्हणजे ऑइलचा दाटपणा सांगणारा क्रमांक, मात्र पुस्तिकेत दिलेलीच ठेवा. उन्हाळा आला म्हणून १०डब्ल्यू-३० च्या जागी मनानेच २०डब्ल्यू-५० भरणे मला पटत नाही, कारण दाट ऑइल सुरुवातीला सगळीकडे पोहोचायला वेळ लावते.

उत्तर २:
हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट दाबून, गाडी रेटण्याची सवय असेल, तर ती आधी सोडावी. घासणाऱ्या क्लच प्लेटांची सगळी उष्णता ऑइलातच उतरते. मागचा ब्रेक धरून राहत नाही ना, हेही पाहा. गाडी मेन स्टँडवर घेऊन न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवले की लगेच कळते.

प्रश्नकर्ता:
चाक मोकळे फिरते. ऑइल मात्र डिपस्टिकच्या (पातळी मोजायच्या पट्टीच्या) खालच्या खुणेच्याही खाली होते, आणि पुढच्या चाकाने उडवलेला चिखल फिन्समध्ये इतका घट्ट वाळला होता, की तो लाकडी काडीने उकरून जुन्या टूथब्रशने घासावा लागला. ऑइल बदलल्यावर काल त्याच रस्त्याने गेलो, तेव्हा न्यूट्रल पहिल्याच प्रयत्नात पडला.