मदत हवी आहे: गुहागर तालुक्यात शाळेची मुलाखत आहे, नमुना पाठ आणि 'निधी' दोन्हीबद्दल सांगा

दापोलीकरीण

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. रसायनशास्त्र, बी.एड., टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर दोन पास. शिक्षक भरतीची २०२५ ची अभियोग्यता चाचणीही दिली आहे. पवित्र पोर्टलवर (शासनाचं शिक्षक भरतीचं संकेतस्थळ) नंबर लागायची वाट बघत सध्या घरी शिकवण्या घेते. मधल्या काळात गुहागर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेची जाहिरात पेपरात दिसली, विज्ञान-गणित, आठवी ते दहावी. अर्ज टाकला आणि बोलावणं आलं. येत्या रविवारी. रविवारच का, ते इथल्यांना सांगायला नको: निम्मी कमिटी मुंबईला, शनिवारी रात्री निघणार आणि मुलाखती आटोपून परत.

नमुना पाठ नववीचा, 'आम्ल, आम्लारी व क्षार', पंधरा मिनिटं. साहित्याचं तुमचं तुम्ही बघा म्हणाले. पाठटाचण तयार आहे, पण समोर खरी मुलं बसवणार की कमिटीच मुलं होऊन बसणार, कोण जाणे. काय दाखवू?

दुसरं, मी दापोलीची. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरायचं, पुढे मिळेल ती एसटी. पावसात कसं करणार, हे विचारणारच. आणि माझं लग्न व्हायचंय, तेव्हा तोही प्रश्न येईल. खरं सांगायचं तर तो ऐकला की डोकं फिरतं.

तिसरं जरा नाजूक. फोनवर एक गृहस्थ म्हणाले, "पद सध्या विनाअनुदानित आहे, अनुदान येईलच. आणि इमारत निधीचं आपण समक्ष बोलू." म्हणजे नोकरीसाठी पैसे द्यायचे. बाबा म्हणतात, सगळीकडे असंच चालतं, सोनं आहे घरात. मला ते पटत नाही, पण नोकरी हातची जाईल ही भीतीही आहे.

खाडीकाठचा_मास्तर

पाठाचं आधी. लिटमस कागद नेऊ नका, तो सगळेच नेतात. घरचं कोकमाचं आगळ (मीठ घातलेला आंबट रस) न्या. छोट्या काचेच्या ग्लासात चमचाभर आगळ, वर पाणी, आणि चिमूटभर खायचा सोडा. फेस वर येईल तेव्हा गप्प राहा. मुलं आपणहून बोलतात. सोडा वाढवत गेलात की लाल रंग बदलून जांभळ्या-काळसरकडे झुकतो, म्हणजे आम्ल आणि दर्शक (रंग बदलून आम्ल-आम्लारी ओळखू देणारा पदार्थ) दोन्ही एकाच बाटलीत. जोडीला हळदीचं पाणी ठेवा, साबणाच्या पाण्याने ते लाल होतं. जास्वंदीच्या पाकळ्या चुरगळून काढलेला रंगही चालतो, लिंबाने गुलाबी, सोड्याने हिरवट.

फक्त घरी एकदा करून बघा. आगळात मीठ असतं आणि प्रत्येक घरचं आगळ वेगळं, सोडा किती लागतो ते आधी कळलेलं बरं. फळ्यावर समीकरण शेवटी लिहा, आधी नको. कमिटीतला एखादा "मॅडम, पीएच म्हणजे काय हो?" असं मुद्दाम विचारेल. त्याला मुलाला सांगावं तसंच सांगा, चिडू नका.

मुंबईकर_पण_गावचा

मी अशाच एका शाळेच्या कमिटीत आहे, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो. आम्हाला पदवीची फार चिंता नसते, ती कागदावर दिसते. आम्हाला एवढंच हवं असतं की हे माणूस जूनला येऊन दिवाळीत निघून जाणार नाही. विज्ञानाचं माणूस सोडून गेलं की दहावीचं वर्ष बोंबलतं आणि गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. लग्नाचा प्रश्न आमचे म्हातारे विचारतात तोही त्यापोटीच. विचारणं चूक आहे, मान्य. पण ताई, तुम्ही त्याला उत्तर न देता त्यामागच्या प्रश्नाला द्या: "गावात खोली बघितली आहे, पावसाळ्यात इथेच राहीन." आणि खरंच बघून या. शनिवारी दुपारी जा, शाळेच्या आसपास कोणाकडे खोली आहे का विचारा. रविवारी कमिटीच्या कानावर तुमच्याआधी पोचलेलं असेल.

निधीबद्दल काही बोलत नाही. आमच्याकडे घेत नाहीत, घेणारे आहेत हे माहीत आहे.

लांजा_निवृत्त_मुख्याध्यापक

मुली, निधीचं मी बोलतो. पैसे देऊ नकोस. ते चूक आहे हे तर आहेच, पण व्यवहार म्हणूनही ते बुडीत आहे. विनाअनुदानित पदावर घेतलं तर शासनाचा पगार नाही, संस्था देईल तेवढाच. अनुदान 'येईलच' म्हणणारे मी पुष्कळ पाहिले. त्या आशेवर पोरं वर्षानुवर्षं नाममात्र पैशांत राबतात.

अनुदानित जागा असेल तर भरती पवित्र पोर्टलमार्फत हवी. तिथे 'मुलाखतीसह' प्रकारात संस्था मुलाखत घेते आणि मुलाखत व अध्यापन कौशल्याला ३० गुण असतात. नुसती पेपरातली जाहिरात असेल तर पद कुठलं, हे स्पष्ट विचार. आवाज मऊ ठेव, प्रश्न कडक: संचमान्यतेत (विद्यार्थिसंख्येवरून ठरलेल्या शिक्षकपदांच्या मंजुरीत) हे पद मंजूर आहे का? बिंदुनामावली (कुठलं पद कुठल्या आरक्षणाचं, ती यादी) तपासून घेतली आहे का? शिक्षणाधिकारी माध्यमिक यांच्याकडे वैयक्तिक मान्यतेचा, म्हणजे तुझ्या नेमणुकीच्या मंजुरीचा, प्रस्ताव जाणार का? मान्यता नाही तर शालार्थ आयडी (शासनाच्या पगारप्रणालीतला शिक्षकाचा क्रमांक) नाही, आणि शालार्थ आयडी नाही तर शासनाचा पगार निघत नाही. २०२५ मध्ये नागपूरकडे बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण निघालं तेव्हा किती शिक्षक अडचणीत आले ते वाचलं असशील.

रीतसर जागेवर लागलीस तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे पूर्ण पगार नाही, ठरावीक मानधन. माध्यमिकला मानधन १८,०००, जानेवारी २०२३ पासून. आधी ८,००० होतं. आणि नेमणुकीचा आदेश १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतल्या अनुसूची 'ड'च्या नमुन्यात माग. पद, वेतन, मुदत, सगळं त्यात येतं. कोऱ्या लेटरहेडवर चार ओळी लिहून देणारे असतात.

बीएड_बेकार

सर सगळं बरोबर, पण हे सगळं विचारल्यावर नोकरी देतं कोण? तिच्या मागे रांग आहे. प्रश्न न विचारणारा घेतील.

लांजा_निवृत्त_मुख्याध्यापक

घेतील. मग त्याचं काय होतं तेही मी पाहिलंय. तिने सगळे प्रश्न रविवारीच विचारावेत असं नाही. पाठ होऊ दे, निवड झाल्याचं कळू दे, मग 'रुजू होण्याआधी कागद बघते' म्हणावं. निवड झालेल्या माणसाला उत्तर द्यावं लागतं.

दापोलीकरीण

सगळ्यांचे आभार. आगळ करून बघितलं. आमच्या आगळाला सोडा जरा जास्तच लागला, फेस ग्लासाबाहेर आला आणि आईने ओरडून घेतलं. रंग मात्र सांगितला तसा बदलला.

शनिवारी खोली बघायला जातेय. बाबांना सरांचं उत्तर वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, पण सोन्याचा विषय परत काढला नाही.

एकच राहिलं. निधीचा विषय त्यांनी रविवारी सगळ्यांसमोर काढला तर तोंडावर काय बोलायचं?

मुंबईकर_पण_गावचा

सगळ्यांसमोर काढणार नाहीत, बाजूला घेऊन काढतील. तेव्हा म्हणा, "शाळेला मदत करायला आवडेल, पगार सुरू झाला की पावती घेऊन देईन." पावतीचं नाव काढलं की समोरचा विषय बदलतो.